आकारिक मूल्यमापन

अध्यापन चालू असतानाच विद्यार्थ्याच्या आकलनाचा अंदाज घेऊन त्यानुसार पुढील अध्यापन व अध्ययन यांत बदल करण्याच्या प्रक्रियेस आकारिक मूल्यमापन म्हणतात. सत्राअखेर संपादणूक नोंदविणाऱ्या संकलित मूल्यमापनाहून ते हेतूने वेगळे असते, साधनाने नव्हे. एकच चाचणी दोन्हींसाठी वापरता येते. हा भेद मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये मांडला आणि बेंजामिन ब्लूम यांनी तो वर्गातील अध्ययनास लावला.

या पद्धतीचा गाभा प्रत्याभरण, म्हणजे कामातील उणीव व सुधारणेची वाट दाखविणारा अभिप्राय, हा होय. रूथ बटलर यांच्या १९८८ मधील अभ्यासात केवळ लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, परंतु अभिप्रायासोबत गुणही मिळालेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. गुण दिसताच मुलाचे लक्ष कामावरून तुलनेकडे वळते, असा याचा अर्थ लावला जातो.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प इत्यादी साधनांना स्थान मिळाले. पहिली-दुसरीस आकारिक मूल्यमापनाचा भारांश ७० टक्के, तर सातवी-आठवीस ४० टक्के ठरला. मात्र या मूल्यमापनाचेही गुण व श्रेणींतच रूपांतर होत असल्याने, आणि मोठ्या पटाच्या वर्गात वर्णनात्मक नोंदी साचेबद्ध होण्याचा धोका असल्याने, प्रत्याभरणाचा मूळ हेतू नोंदवहीतच अडकून पडण्याची शक्यता राहते.