सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांचा ४ टक्के वाटा. पण टेंडर भरणार कोण?

केंद्र सरकारची खाती आणि केंद्राच्या कंपन्या वर्षभरात जो माल व सेवा विकत घेतात, त्यातली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्हावी असा नियम आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात हे प्रमाण २० टक्के होते, २०१८ मध्ये ते वाढवले. या २५ पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून घ्यायचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तरी गावात हा नियम विचारला तर कोणी सांगत नाही.

४ टक्के म्हणजे घरी चालत येणारी ऑर्डर नव्हे. या उद्योगांनी टेंडरच भरले नाही, तर तो वाटा इतर लघु उद्योगांकडे जातो.

टेंडर फॉर्म फुकट मिळतो, बयाणा रक्कम भरावी लागत नाही. दरातही सवलत आहे. समजा, मोठ्या कंपनीने एका नगाला १०० रुपये दर दिला आणि आपला ११२ आहे. फरक १५ टक्क्यांच्या आत असल्याने आपण १०० ला तयार झालो, तर किमान २५ टक्के ऑर्डर लघु उद्योगांना द्यावी लागते. १०० मध्ये परवडते का, हा हिशोब मात्र आधीच करून ठेवावा.

उद्योग एकट्याचा असेल तर मालक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा हवा. भागीदारी किंवा कंपनीत ५१ टक्के हिस्सा हवा. नाव आदिवासीचे अन् धंदा दुसऱ्याचा, असले प्रकार यात बसत नाहीत. धडगावात आमचूर स्वतः तयार करून पॅकिंग करणारी महिला पात्र, बाजारातून घेऊन विकणारा व्यापारी नाही. बांधकामाच्या ठेक्यांनाही हे लागू नाही. जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, आश्रमशाळांची खरेदी राज्याच्या नियमांनी चालते. इथे गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे, वरणगावचा दारूगोळा कारखाना, तेल कंपन्या वगैरे.

आधी उद्यम नोंदणी करावी. आधार, पॅन लागते, सरकारी फी शून्य. जातीचा दाखला जवळ ठेवावा. मग जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव घालावे. अडले तर नंदुरबारचे जिल्हा उद्योग केंद्र आहे.

खरी धास्ती बिलाची. माल स्वीकारल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार ऑनलाइन करता येते, पण त्यासाठी ऑर्डर, चलन आणि माल पोचल्याची सही असलेली पावती लागते.