बंदुकीच्या मोबदल्यात कुदळ

आफ्रिकेतील मोझांबिक देशात १९७७ पासून फ्रेलिमोचे सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात यादवी माजली होती. युद्ध आणि दुष्काळ मिळून सुमारे दहा लाख माणसे प्राणास मुकली. अशा वेळी बैराचे आर्चबिशप गोन्साल्व्हिश १९८८ मध्ये रानात जाऊन बंडखोरांच्या नेत्यास भेटले. पुढे रोममध्ये सांत एजिदिओ या धर्मसंघाच्या आश्रयाने दोन वर्षे वाटाघाटी चालल्या. त्यांत तेही एक मध्यस्थ होते. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी तह झाला.

तहावर सह्या झाल्या, तरी बंदुका गावोगाव दडलेल्याच होत्या. म्हणून अँग्लिकन बिशप सेंगुलाने यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये ख्रिस्ती मंडळाने एक उपक्रम आरंभिला: बंदूक आणून द्यावी आणि कुदळ, सायकल किंवा शिवणयंत्र घेऊन जावे. मोडलेल्या बंदुकांतून कलावंतांनी शिल्पे घडविली.

२०१३ मध्ये तेथे पुन्हा चकमकी झडल्या आणि २०१९ मध्ये नवा करार करावा लागला. तरीही या धर्मगुरूंचे श्रम वाया गेले, असे म्हणवत नाही. क्षमेचा उपदेश पुष्कळांनी केला आहे. रिकामा हात पुन्हा शस्त्राकडे वळतो हे जाणून त्या हाती कुदळ देणारे मात्र थोडेच.