ग्रामीण पतपाहणी आणि शेतकऱ्याची एकच थैली

शेतकऱ्यास कर्ज उत्पादनासाठी द्यावे, घरखर्चासाठी देऊ नये, हा दंडक आपल्या प्रशासनात इतका मुरला आहे की तो कोठून आला याचा विचार सहसा होत नाही. तगाईच्या १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांत तो स्पष्ट दिसतो. पहिला कायदा विहीर, बांध यांसारख्या जमीनसुधारणांसाठी होता, तर दुसरा प्रामुख्याने बी-बियाणे व जनावरांसाठी. पुढे सहकारी पतसंस्थांनीही कर्जाचे कारण विचारण्याची हीच रीत उचलली.

या रीतीची खरी परीक्षा रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये हाती घेतलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने केली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष होते. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ समितीचे सदस्य होते. देशभरातील ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे पाहणीत आली. १९५४ च्या अहवालातील आकडे आजही अस्वस्थ करतात. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जउचलीत सरकारचा वाटा ३.३ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ टक्के, सावकारांचा मात्र सुमारे ७० टक्के.

या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. त्यांच्या शेजारचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. उचललेल्या कर्जापैकी जवळजवळ निम्मे कौटुंबिक खर्चासाठी होते. हे वाचून उधळपट्टीचा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. कारकुनाच्या नोंदवहीत शेती आणि घर अशी दोन खाती असतात. शेतकऱ्याच्या घरी थैली एकच असते. आजारपणासाठी पैसा मिळाला नाही तर पेरणीच्या तोंडावर बैल विकला जातो आणि त्या हंगामाचे उत्पन्न तेथेच घटते. म्हणजे औषधाचे कर्ज हेही उत्पादनाचेच कर्ज ठरते. सावकार कारण विचारीत नसे, हे त्याचे औदार्य नव्हे. त्याची किंमत तो व्याजात वसूल करी. परंतु गरजेच्या दिवशी त्याचे दार उघडे असे.

समितीने जमिनीच्या तारणाऐवजी येणाऱ्या पिकाच्या आधारे कर्ज देण्याची शिफारस केली. कुळांच्या दृष्टीने ती दूरदर्शी होती, तरी कारणाची अट कायम राहिली. १९५५ साली स्टेट बँक आली, १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७७ ते १९९० या काळात, बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा काढायची तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा काढणे बंधनकारक होते. रॉबिन बर्जेस व रोहिणी पांडे यांच्या २००५ च्या अभ्यासानुसार या विस्ताराने ग्रामीण दारिद्र्य घटले आणि उत्पादनवाढ मुख्यत्वे बिगरशेती व्यवसायांत दिसली. थकबाकीही वाढली, हे नाकारता येत नाही.

१९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले. २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या मर्यादेवर काढणीपश्चात व घरगुती गरजांसाठी १० टक्के रक्कम धरण्यात आली. पाहणीत हाच घरखर्च निम्म्याच्या जवळ होता.