एका कागदाच्या दोन नकला

औंढा नागनाथ हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटरवर. माझ्या भाचीने ते देऊळ लहानपणापासून पाहिलेले. नववीत असताना तिला शाळेतून इतिहासाचा प्रकल्प मिळाला : परिसरातील एक प्राचीन वास्तू. मामा इतिहासाचे काहीबाही लिहितो, म्हणून ती माझ्याकडे आली. मी तिला संगणकापुढे बसवले, एक सर्च इंजिन उघडून दिले आणि माझ्या कामाला लागलो.

तासाभराने तिने वही दाखवली. तिने रोमन लिपीत 'नागेश्वर ज्योतिर्लिंग' असे टाइप केले होते. वहीतले देऊळ गुजरातेत द्वारकेजवळ होते. खाली एक ओळ होती : औंढ्याचे मंदिर खरे ज्योतिर्लिंग नाही. "मामा, मग आपण इतकी वर्षं कुणाला नमस्कार करत होतो?" तिने विचारले. चूक तिची नव्हती. एकाच साक्षीदारावर निकाल द्यायला मीच तिला शिकवले होते.

नागेशाचे स्थान कोणते, यावर तीन ठिकाणांचे दावे आहेत : आपले औंढा, द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातले जागेश्वर. वाद आहे तो दारुकावन कुठले, याचा. श्रद्धेचा निवाडा इतिहासाने करायचा नसतो. कोणी, केव्हा, कशाच्या आधारे म्हटले, एवढे त्याने विचारायचे. यंत्राने मात्र यातले काहीच विचारले नव्हते.

शोधाची साधने मराठीला नवी नाहीत. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाला सूचीचा स्वतंत्र खंड आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा मध्ययुगीन चरित्रकोश १९३७ चा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. मी कॉलेजात इतिहास शिकलो नाही. जे शिकलो ते अशा सूच्यांची पाने उलटत. दात्यांच्या सूचीचा मोठा गुण असा की तिची हद्द तिच्या नावातच आहे. १९३८ चे पुस्तक तिथे सापडले नाही, म्हणून ते छापलेच गेले नाही असे कोणी म्हणणार नाही.

सर्च इंजिन हीसुद्धा एक सूचीच. ते आधी पाने गोळा करते, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची नोंद ठेवते आणि मग क्रम लावते. १९९८ साली गूगल कंपनी निघाली ती क्रम लावण्याच्या एका नव्या रीतीवर : ज्या पानाकडे इतर पाने अधिक बोट दाखवतात, ते वर. आज यात आणखी पुष्कळ हिशेब मिसळले आहेत. पण वर आलेले पान प्रसिद्ध असते. ते खरे असेलच असे नाही.

मग दुसरे इंजिन घ्यावे का? जरूर घ्यावे, पण पारखून. डकडकगो २००८ सालचे, बिंग २००९ चे. तरी डकडकगोची बरीचशी उत्तरे बिंगच्याच साठ्यातून येतात. दोन्हींकडे एकच उत्तर मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये. मोडी दफ्तरात बसणाऱ्याला हे सांगावे लागत नाही : एका कागदाच्या दोन नकला म्हणजे दोन पुरावे नव्हेत.

हिंगोलीच्या मुलांची अडचण आणखी एक आहे. आपला जिल्हा १ मे १९९९ चा. त्याआधीचे सारे परभणी या नावाखाली. १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचे निजामाच्या दफ्तरात, पुष्कळसे उर्दूत. औंढा शोधावे तर साताऱ्याचे औंध पुढे येते. औंढ्याचे जुने नाव आमर्दकपूर. ते ठाऊक नसेल तर ती वाट बंदच. जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पाने यंत्राला बहुधा नुसती चित्रे वाटतात, आणि युनिकोडपूर्वीच्या फाँटमधला मजकूर त्याला वाचताच येत नाही.

म्हणून विषय पाहून साधन निवडावे. विज्ञानाच्या व्याख्येसाठी मराठी विश्वकोश आधी उघडावा. जुन्या पुस्तकासाठी इंटरनेट आर्काइव्हसारखा स्कॅन केलेल्या ग्रंथांचा साठा पाहावा. गावाच्या इतिहासासाठी जिल्ह्याचे गॅझेटियर घ्यावे, आणि तेही परभणीचे. सर्वसाधारण सर्च इंजिन दार दाखवायला चांगले. आत आपणच जायचे.

आम्ही दुसऱ्यांदा बसलो. देवनागरीत शोधले, रोमनमध्ये शोधले, नावे बदलून पाहिली. एका रविवारी औंढ्याला जाऊन तिने देवळाच्या खालच्या थरावरची शिल्पे वहीत काढली. नव्या प्रकल्पात तिन्ही दावे शेजारी शेजारी होते, निकाल नव्हता. शेवटच्या पानावर तिने आपल्याच मनाने एक तक्ता केला : कोणत्या यंत्रात, कोणत्या शब्दाने, कोणत्या तारखेला शोधले आणि काय सापडले नाही.

तो तक्ता पाहून मी माझ्या जुन्या टिपणवह्या काढल्या. काय सापडले ते पानोपान लिहिलेले होते. कुठे शोधले आणि काय सापडले नाही, हे एकाही वहीत नव्हते. गेल्या वर्षापासून मी तो रकाना आखू लागलो आहे.