चार सेलांचा मार्च

आज बुधवार, ५ मार्च १९७५. तुम्ही वीस वर्षांचे आहात आणि निमोण्यातल्या आपल्या धाब्याच्या घरावर, माळवदावर बसला आहात. शिवरात्र आठवड्यावर आली आहे, रात्रीचा गारवा अजून अंगाला लागतो. खळ्यावर ज्वारीच्या कणसांचा ढीग आहे आणि गंजीला लावलेल्या कडब्याचा वास वरपर्यंत येतो आहे. पुढ्यात कंदील, कंदिलाशेजारी इतिहासाची पुस्तकं, आणि त्या सगळ्यांपेक्षा जपून ठेवलेला, चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर.

पुणे विद्यापीठाची टी. वाय. बी. ए.ची परीक्षा महिन्यावर आहे. शिरूरच्या बोरा कॉलेजला यष्टीने जाऊन-येऊन तुम्ही इथवर आलात. घराण्यात इतकं शिकलेले तुम्ही पहिलेच. बहात्तरच्या दुष्काळात याच घरातली माणसं खडी फोडायला जात होती, सुकडीवर दिवस काढत होती, पण तुमची फी कुणी थकू दिली नाही. म्हणून पुस्तक उघडलं की अक्षरांच्या आधी घरची माणसं दिसतात. छातीत धडधडतं, आणि हात दुसऱ्याच कामाकडे वळतो.

संध्याकाळपासून तुम्ही काय काय केलंत ते आठवा. कंदिलाची काच राखेनं लख्ख घासलीत. पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलीत. फूटपट्टी घेऊन नवं वेळापत्रक आखलंत: पहाटे चार ते सहा युरोपचा इतिहास, सहा ते आठ प्राचीन भारत. चौकटींना लाल शाई केलीत. मागचं वेळापत्रक भिंतीवरून काढून त्या जागी हे चिकटवलंत. पान मात्र एकही वाचलं नाहीत. आई खालून म्हणते, "झालं का रं वाचून? आळस करू नगं." पण आळशी माणूस काच इतकी घासत नाही. तुम्ही घाबरला आहात, आणि भीतीला बसायला जागा नको म्हणून हातांना काम देत आहात.

आठ वाजले. आत्ता सिलोनवर अमीन सायानींचा आवाज येईल, बिनाका गीतमाला सुरू होईल. दर बुधवारची ही वेळ तुम्ही चुकवत नाही. पण ट्रान्झिस्टरमधले चारही सेल थकले आहेत. दिवसभर उन्हात ठेवले की थोडी धुगधुगी येते, तेवढीच. आणि तिकडे क्वालालंपूरला हॉकीचा विश्वचषक चालू आहे. तुम्ही बटणावरचा हात मागे घेता. गाणी आज नाहीत. जेवढा जीव सेलांत उरला आहे तो हॉकीसाठी.

निमोण्याच्या पोराला हॉकीचं वेड कुठून लागलं? खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काका नोकरीला आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या क्वार्टरवर राहायला गेलात, की संध्याकाळी मैदानावर पोरांची झुंबड दिसे. एकदा काठी हातात घेतलीत आणि चेंडू पायांऐवजी काठीला चिकटून कसा पळतो हे पाहून थक्क झालात. खडकीच्या कारखान्याच्या वसाहतीत याच मार्चमध्ये एक सहा वर्षांचा मुलगा आहे. तुटक्या काठ्या सांधून खेळणाऱ्या पोरांतला एक. त्याचं नाव धनराज पिल्ले. तुम्हाला ते अजून माहीत नाही.

काही दिवसांनी उपांत्य सामना मलेशियाशी, त्यांच्याच देशात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. १९७१ ला बार्सिलोनात आपण तिसरे आलो होतो. १९७३ ला अ‍ॅमस्टेलव्हीनला अंतिम सामन्यात हॉलंडकडून पेनल्टी स्ट्रोकवर हरलो. या खेपेला गटात अर्जेंटिनानेही हरवलं, तेव्हा पोटात गोळाच आला होता. आता मलेशिया पुढे जाते. आणि मग शिवाजी पवार बरोबरी साधतो. पवार! गावात निम्म्या उंबऱ्यांवर ऐकू यावं असं आडनाव सातासमुद्रापलीकडून ऐकू येतं आणि तुम्ही उडीच मारता. मलेशिया पुन्हा पुढे जाते, २-१. आवाज बारीक होत जातो. तुम्ही सेल काढून तळहातावर चोळता, परत घालता. खरखर. मग काहीच नाही.

रात्रभर तुम्हाला वाटत राहतं की आपण हरलो. दुसऱ्या दिवशी पुण्याहून येणाऱ्या यष्टीतून 'सकाळ' येतो आणि तुम्ही तो उभ्याउभ्या वाचता. सत्तर मिनिटांच्या सामन्यात शेवटची पाच-सहा मिनिटं उरली असताना अस्लम शेर खानला बाकावरून मैदानात उतरवलं. पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. त्याने गळ्यातला तावीज ओठांना लावला आणि बरोबरीचा गोल केला. जादा वेळेत हरचरणसिंगने तिसरा गोल घातला. भारत अंतिम फेरीत. समोर पाकिस्तान. शनिवारी, १५ मार्चला.

तुमच्या खिशात गाईडसाठी राखून ठेवलेले पैसे आहेत. तयार प्रश्न, तयार उत्तरं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ते कधीच घेतलं. शिरूरच्या बाजारपेठेत तुम्ही पुस्तकांच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहता. मग पलीकडच्या दुकानात जाऊन चार नवे सेल घेता. परतीच्या यष्टीत ते सेल मांडीवर धरून बसताना जिवाची उलघाल होते. आता गाईड नाही. आता काय करणार?

शनिवारी सामन्याच्या वेळेला मारुतीच्या पारावर माणसं जमतात. हॉकी कुणी पाहिलेली नाही, पण पाकिस्तानशी गाठ आहे एवढं पुरतं. जसदेव सिंगांचा आवाज येतो. हिंदी इतकी वेगात पळते की म्हाताऱ्यांच्या पदरात काही पडत नाही. आबा, म्हणजे तुमचे आजोबा, काठी टेकून पुढे सरकतात. "आरं, काय म्हंतोय त्यो? सांग की उभा ऱ्हाऊन."

तुम्ही उभे राहता. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या माणसांसमोर बोलायला. जसदेव सिंग हिंदीत सांगतात, तुम्ही निमोण्याच्या बोलीत. कर्णधार अजितपालसिंग मधल्या फळीत आहे, चेंडू त्याच्याकडून सुटतो तो डावीकडे. सतराव्या मिनिटाच्या सुमाराला पाकिस्तानचा झाहिद गोल करतो आणि पार गप्प होतो. मध्यंतरापर्यंत तेच, ०-१. पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय ते आबांना समजत नाही. तुम्ही जमिनीवर खडूने गोल आणि अर्धवर्तुळ काढता. इथून एकजण चेंडू ढकलणार, हा हाताने अडवणार, तिसरा टोलवणार. तोवर समोरचे गोलरेषेवरून सुसाट अंगावर येणार, गोठ्यातून सुटलेल्या खोंडांसारखे. "आस्सं व्हय," आबा म्हणतात. खोंडं म्हटल्यावर त्यांना खेळ दिसायला लागतो.

उत्तरार्धात तसाच कॉर्नर मिळतो आणि सुरजितसिंग बरोबरी साधतो. थोड्या वेळाने अशोककुमार, ध्यानचंदांचा मुलगा, चेंडू मारतो. तो गोलच्या खांबाला आतून लागून बाहेर येतो. पाकिस्तानी खेळाडू पंचांभोवती गोळा होतात: गोल झालाच नाही! पंच ठाम राहतात. २-१. उरलेली मिनिटं तुम्ही सांगत नाही, ओरडता. सामना संपतो तेव्हा पोरं नाचत असतात, घसा बसलेला असतो, आणि आबा तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "ब्येस सांगितलंस."

रात्री देवळात भजनाची तालीम. तुकारामबीज पंधरवड्यावर आली आहे आणि पखवाज तुमच्याकडे आहे. बुवा नेहमीप्रमाणे वाद्याला हात लावू देत नाहीत. आधी बोल म्हणायचे. तिट कत गदि गन धा. टाळीवर, सावकाश, मग दुप्पट. तोंडात जो बोल अडखळतो तो हातात कधीच सुटत नाही, हे बुवा किती वर्षं सांगत आले आहेत. तुम्ही बसलेल्या घशाने बोल म्हणता, मग पखवाजावर हात ठेवता, आणि आज प्रत्येक सम जागेवर पडते.

रविवारी सकाळी पुस्तक उघडता. तीच धडधड. हात कंदिलाच्या काचेकडे जातो. तेवढ्यात आबा माळवदावर चढून येतात. "तुज्या बुकात काय हाय त्ये सांग की. कालच्या म्याचवानी."

तुम्ही पान पाहता: ताम्रपाषाण संस्कृती. आणि एकदम तुम्हाला इनामगाव आठवतं. आपल्याच तालुक्यातलं, आपल्याच घोडनदीच्या काठचं. १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे लोक तिथे दर हंगामात खणतात. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांची नावं सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहेत. तुम्ही सायकलवर जाऊन ते खड्डे पाहिले आहेत. तुम्ही आबांना सांगता. तीन हजार वर्षांपूर्वी इथे गाव होतं. लोक सातू पेरायचे. नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीतच पुरायचे. मोठं माणूस गेलं तर घोट्याखालचे पाय तोडून पुरायचे.

"पाय कशापायी?" आबा विचारतात. पुस्तकात एवढं खोल काही नाही, आणि तुम्ही थबकता. "जाऊ ने म्हनून आसंल," आबाच म्हणतात. मग, "आन् पाऊस न्हाई पडला तर?" तुम्ही सांगता की आधी चौकोनी, ऐसपैस घरं होती, नंतरच्या थरांत लहान, गोल झोपड्या सापडतात. आबा बराच वेळ बोलत नाहीत. "म्हंजी दुस्काळ तवाबी व्हता." डेक्कन कॉलेजचा उत्खनन अहवाल पुढे १९८८ मध्ये छापून आला; कोरड्या होत गेलेल्या हवामानाने ही वस्ती खालावली, हेच मत ढवळीकरांनी मांडलं. तुमच्या आजोबांना ते बहात्तर सालाने शिकवलं होतं.

त्या सकाळी तुम्हाला आपली वाट सापडते. जे आबांना सांगता येतं ते आपल्याला आलं. जिथे जीभ अडखळते तिथे पुन्हा पुस्तकात जायचं. पहाटे वाचायचं, संध्याकाळी सांगायचं, रात्री पखवाज. फ्रेंच राज्यक्रांती सांगताना पावाचा भाव चढत गेला हे सांगितलं, की आबांना पुढचं सांगावंच लागत नाही. धडधड थांबत नाही, पण तिला ऐकत बसायला वेळ उरत नाही. लाल शाईचं वेळापत्रक भिंतीवर तसंच राहतं, त्याच्याकडे कुणी पाहत नाही. गाईड असतं तर तुम्ही दुसऱ्याची वाक्यं घोकली असती. चार सेलांनी तुम्हाला स्वतःची वाक्यं दिली.

एप्रिलमध्ये शिरूरला पेपर. ताम्रपाषाण संस्कृतीवर लिहायला मिळतं तेव्हा तुम्ही समोर आबा बसल्यासारखं लिहिता आणि पुरवणी मागायला हात वर करता.

आता पुढे या. १९७६ ला माँट्रियलला ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि जगज्जेता भारत सातवा आला. गवतावर घोटलेला आपला खेळ त्या वेगवान, सपाट मैदानावर अडखळला, आणि तसं मैदान घालायला लागणारा पैसा आपल्याकडच्या शाळांना, छोट्या गावांना कुठून परवडणार? २०२३ पर्यंतच्या एकाही विश्वचषकात पुरुषांचा संघ पुन्हा जिंकला नाही. पण १९ डिसेंबर १९९८ ला बँकॉकमध्ये कोरियाशी १-१ बरोबरी झाल्यावर पेनल्टी स्ट्रोकवर भारताने आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, बत्तीस वर्षांनी. गोलात आशिष बल्लाळ होता आणि कर्णधार होता खडकीचा तो मुलगा, कारकिर्दीत एकूण चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेला धनराज पिल्ले.

आज निमोण्यातल्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातात जो फोन आहे त्यात सामना आहे, गाणी आहेत, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, आणि सेल संपायची भीती नाही. काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे आता कुणी त्यांच्यासाठी ठरवत नाही, म्हणून त्यांचं काम तुमच्यापेक्षा अवघड आहे. ते पुस्तक उघडून मिनिटभरात फोनकडे वळतात तेव्हा घरातले त्यांना आळशी म्हणतात. मला ते पटत नाही. फोन काढून घेण्याआधी त्यांच्याजवळ बसा. सामना चालू असेल तर विचारा, हा कॉर्नर कसा घेतात. गाणं चालू असेल तर विचारा, ठेका कोणता आहे. ते रंगून सांगतील. मग पुस्तकाकडे बोट करून म्हणा, आता हेही असंच सांग. न समजलेलं पुन्हा विचारा, आणि कंटाळू नका. आपल्या घरांत शिकलेली पिढी आहे, पुस्तकं आहेत, पैसाही थोडा आला आहे. कमी आहे ती ऐकून घेणाऱ्या माणसांची, आणि ती कमी भरून काढायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही.