एका निगेटिव्हच्या अनेक प्रती

मुलांना हॅरी पॉटरच्या शूटिंगची जागा दाखवायला आम्ही लॅकॉक अ‍ॅबीला गेलो. मी मात्र एका खिडकीपाशीच रमलो. १८३५ च्या ऑगस्टमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट यांनी या खिडकीचे चित्र चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर उतरवले. निगेटिव्ह जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी!

आपल्या मँचेस्टरचा जॉन डान्सर यांनी १८४२ मध्ये काढलेला फोटो डगेरोटाइप होता, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा. त्याची प्रत एकच. हरवली की संपले. टॅलबट यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या कॅलोटाइपचे तसे नव्हते. कागदी निगेटिव्ह दुसऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरली की काळ्याचे पांढरे होई, आणि हव्या तितक्या प्रती निघत. फोटोग्राफीचे वेड लवकरच मुंबईलाही लागले. तिथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली; डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते.

आमच्या आजोबांचा फोटो पुण्याच्या घरी वाळवीने खाल्ला. आत्याकडे त्याची दुसरी प्रत निघाली, म्हणून माझ्या मुलांना पणजोबा दिसले. माझे पाच वर्षांचे फोटो मात्र हार्ड डिस्कबरोबर गेले. आयटीवाल्याची ही गत! तेव्हा मंडळी, या दिवाळीत मुलांचे चार फोटो कागदावर छापून घ्या, आणि एक प्रत भारतात आजीकडे पाठवा.