‘दिसतंय’ म्हणजे काय? खासगी वैमानिक आणि हवाई नियंत्रक

मंडळी, विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, या विमानांच्या भानगडीत कुठे शिरलात? अहो, चाळीसेक वर्षं वर्गात मी प्रत्यक्ष प्रमाण शिकवलं. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे जाणलं का, हा तिथला जुना वाद. तो वाद सरकारी नियमांत उतरलाय आणि त्यावर माणसांचे जीव टांगलेले आहेत, असं एक ठिकाण मला सापडलं, म्हणून आज हा विषय.

विमान दोन रीतींनी उडवता येतं. एक, उपकरणांच्या भरवशावर, नियंत्रक सांगेल त्या वाटेने आणि उंचीने. दुसरी रीत, खिडकीबाहेर पाहून. तिला व्हीएफआर म्हणतात. हवा स्वच्छ असली तर अमेरिकेत छोट्या विमानाचा मालक आजही बऱ्याच भागांत कोणाशी अवाक्षर न बोलता उडू शकतो. फक्त इतर विमानं त्यानेच पाहायची आणि त्यानेच टाळायची. पूर्वी सगळेच असे उडत. जे. आर. डी. टाटा १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओही नव्हता. अमेरिकेत सेंट लुइसच्या विमानतळावर १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचे गृहस्थ हातगाडीवर खुर्ची, छत्री आणि दोन निशाणं घालून धावपट्टीपाशी बसायचे. एका निशाणाचा अर्थ ‘थांब’, दुसऱ्याचा ‘जा’. विमान वर गेलं की लीग यांचा संबंध संपला.

पुढे नियंत्रकाकडे रेडिओ आला, रडार आलं. त्याला दूरचं दिसू लागलं. आता टाळायची जबाबदारी कोणाची, त्याची की वैमानिकाची?

३० जून १९५६ ला ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली, १२८ माणसं गेली. ही काही खासगी विमानं नव्हेत, पण त्या भागात तीही ‘पाहा आणि टाळा’ याच नियमाने चालली होती. दोन्ही विमानं २१,००० फुटांवर आहेत आणि एकच रेषा १० वाजून ३१ मिनिटांनी ओलांडणार आहेत, हे सॉल्ट लेक सिटीच्या नियंत्रकाकडे नोंदलेलं होतं. त्याने दोघांनाही सांगितलं नाही, कारण सांगणं त्याच्या कर्तव्यात बसत नव्हतं. दोन वर्षांनी नवा कायदा झाला आणि सगळं हवाई नियंत्रण एका नव्या केंद्रीय संस्थेकडे गेलं.

आता मला जिथे थांबायचंय तिथे येतो. सॅन डिएगो, २५ सप्टेंबर १९७८, सकाळचे नऊ. लख्ख ऊन. एका छोट्या सेसनात दोघे वैमानिक उपकरणांवर उतरण्याचा सराव करून पुन्हा वर निघालेले, व्हीएफआरने. लक्षात घ्या, हे दोघे मुकाट उडणारे नव्हते, ते नियंत्रकाशी बोलत होते. मागून, त्यांच्यापेक्षा वरून, पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ उतरत होतं. नियंत्रकाने बोइंगला सांगितलं, पुढे सेसना आहे. बोइंग म्हणालं, दिसतंय. मग नियंत्रक म्हणाला, नजरेत ठेवून अंतर राखा. या एका वाक्याने टाळण्याची जबाबदारी रडारकडून माणसाच्या डोळ्यांकडे गेली. सेसनालाही कळवलं, मागे जेट आहे, त्याला तुम्ही दिसताय. सेसनाने ‘ठीक’ म्हटलं. आणखी काय म्हणणार? पाठीमागचं त्यांना दिसत नव्हतं.

थोड्याच वेळात बोइंगच्या कॉकपिटमधून सेसना दिसेनासं झालं. ते आपापसांत विचारू लागले, आत्ता होतं, गेलं कुठे? टॉवरला मात्र त्यांनी सांगितलं की बहुधा ते आपल्या उजवीकडून निघून गेलं. नियंत्रकाने साक्षीत सांगितलं, मी ‘जातंय’ असं ऐकलं. ‘गेलं’ आणि ‘जातंय’! इंग्रजीत तर एका शेपटाचाच फरक. ‘जातंय’ म्हणजे अजून दिसतंय. ‘गेलं’ म्हणजे आता दिसत नाही, आम्ही अंदाज करतोय. तर्कशास्त्रात आपण याला अनुमान म्हणतो, आणि इथे ते प्रत्यक्षाच्या नावाने खपलं. रडारच्या यंत्राने टकरीआधी १९ सेकंद इशाराही दिला. पण बोइंगला सेसना दिसतंय अशीच नियंत्रकांची समजूत होती. सेसनाच्या वैमानिकांनी दिलेली दिशा न कळवता बदलली होती, हेही खरं. १४४ माणसं गेली, त्यांतली सात जमिनीवर आपापल्या घरी-दारी होती.

चौकशी मंडळाने मुख्य दोष बोइंगच्या चमूवर ठेवला: दिसेनासं झालं तर तसं सांगायला हवं होतं. मंडळाच्या एका सदस्याने मात्र वेगळं मत नोंदवलं. त्याच्या मते नियंत्रणपद्धतीलाही तेवढंच जबाबदार धरायला हवं होतं. मला त्याचं म्हणणं पटतं. रडार हाताशी असताना भार डोळ्यांवर का टाकायचा?

आठ वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९८६ ला, लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर उलटी गोष्ट घडली. तिथला पायपर विमानाचा मालक कोणाशीच बोलत नव्हता आणि परवानगीशिवाय नियंत्रित हवाई हद्दीत शिरला, बहुधा नकळत. त्याच्या विमानातलं यंत्र उंची कळवत नव्हतं. एरोमेक्सिकोच्या डीसी-९ शी टक्कर झाली. विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५ गेले. वर्तमानपत्र वाचणारा चटकन म्हणेल, छोट्याची चूक. मंडळाने तसं केलं नाही. नियंत्रणव्यवस्थेच्या मर्यादा पहिल्या ठेवल्या, पायपरची चूक दुसऱ्या क्रमांकावर. नंतर मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांत उंची कळवणारं यंत्र सक्तीचं झालं. खासगी वैमानिक यावर कुरकुरले. खर्च त्यांचा आणि मोकळं आकाश आकसत चाललेलं. त्यांची कुरकुर मला अगदीच गैर वाटत नाही.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, मग आज परवानगी मागावी लागते का? गंमत आहे. मध्यम विमानतळांभोवतीच्या हद्दीत वैमानिक आपला क्रमांक सांगून हाक मारतो. नियंत्रक तो क्रमांक उच्चारून ‘थांबा’ म्हणाला, तर संपर्क झाला असं धरतात आणि वैमानिक आत जाऊ शकतो. क्रमांक न घेता ‘जो कोणी बोलतोय त्याने थांबा’ म्हणाला, तर बाहेरच घिरट्या. मोठ्या शहरांभोवती मात्र नुसतं नाव घेतल्याने भागत नाही, ‘आत यायला मोकळीक आहे’ हे शब्द कानावर पडावेच लागतात. आणि बाई, तिथे परवानगी मिळाल्यावरही बाहेर पाहत राहण्याचा नियम वैमानिकावरून सुटत नाही.